सामूहिक निसर्गभ्रमंती

सामूहिक निसर्गभ्रमंती म्हणजे स्थानिक निसर्गमंडळ, पर्यावरण संस्था किंवा गिर्यारोहण संस्था यांच्या पुढाकाराने, निश्चित मार्गाने आणि जाणत्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली केलेली पायी सहल होय. केवळ मनोरंजन हा तिचा हेतू नसतो. परिसराची ओळख करून घेणे, वनस्पती व प्राणी यांच्या नोंदी ठेवणे आणि शक्य तेथे श्रमदानाने त्या परिसराची निगा राखणे ही तिची तीन प्रमुख अंगे मानली जातात. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या डोंगररांगा, शहरांलगतच्या टेकड्या, किल्ले, देवराया, माळराने, पाणथळ जागा आणि कोकणकिनारा ही या भ्रमंतीची प्रमुख क्षेत्रे आहेत. अशा सहलींमध्ये सहभागी होणारे बहुतेक लोक विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात.

संज्ञा व स्वरूप

‘सहल’, ‘पदभ्रमण’, ‘निसर्गवाट’, ‘ट्रेक’ आणि ‘दुर्गभ्रमंती’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात; परंतु त्यांच्या अर्थांत फरक आहे. ट्रेकमध्ये शारीरिक क्षमता आणि गाठावयाचे ठिकाण यांना महत्त्व असते. दुर्गभ्रमंतीत किल्ल्याचा इतिहास व स्थापत्य हे केंद्रस्थानी असते. निसर्गवाटेवर मात्र अंतर कमी आणि थांबे अधिक असतात. एखाद्या उंबराखाली अर्धा तास थांबून त्यावर येणारे पक्षी, मुंग्या आणि फळांतील कीटक पाहणे हादेखील त्या वाटेवरील पूर्ण कार्यक्रम ठरू शकतो.

निसर्गमंडळ हे सामान्यतः एखाद्या गावापुरते, शहरातील उपनगरापुरते, शाळेपुरते किंवा महाविद्यालयापुरते मर्यादित असते. काही मंडळे नोंदणीकृत संस्था असतात, तर काही केवळ मित्रमंडळींच्या सातत्यावर चालतात. दर महिन्याच्या ठरावीक रविवारी सहल, पावसाळ्यात वृक्षारोपण, हिवाळ्यात पक्षिगणना आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणे असा त्यांचा वार्षिक क्रम आढळतो.

इतिहास

जागतिक पार्श्वभूमी

निसर्गरक्षण आणि सामूहिक पदभ्रमण यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दृढ झाला. अमेरिकेत १८९२ साली जॉन म्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएरा क्लबची स्थापना केली. या संस्थेने १९०१ पासून सिएरा नेवाडा पर्वतात सदस्यांच्या वार्षिक सहली सुरू केल्या. ज्यांनी डोंगर स्वतः पाहिला आहे, तेच त्याच्या रक्षणासाठी उभे राहतील, ही त्यामागील भूमिका होती. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी नाताळच्या दिवसांत पक्ष्यांची शिकार करण्याच्या प्रथेऐवजी पक्ष्यांची गणना करण्याची कल्पना मांडली. हौशी लोकांनी केलेल्या नोंदी शास्त्राला उपयोगी पडतात, याचे हे आरंभीचे मोठे उदाहरण होय. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट या डोंगराळ माळावर शेकडो पदयात्रींनी खाजगी मालकीच्या जमिनीत एकत्रितपणे प्रवेश केला. मोकळ्या रानात चालण्याच्या सार्वजनिक हक्काच्या चळवळीत या घटनेला महत्त्वाचे स्थान आहे.

भारत व महाराष्ट्र

महाराष्ट्रात एकत्र पायी चालण्याची परंपरा पर्यावरण चळवळीपेक्षा कितीतरी जुनी आहे. पंढरीची वारी हे तिचे सर्वांत ठळक रूप. श्रमदानालाही येथे जुना आधार आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी हाती झाडू घेऊन गावोगावी स्वच्छतेचा संस्कार रुजवला. सार्वजनिक जागा स्वतःच्या हातांनी स्वच्छ करण्यात कमीपणा नाही, हा विचार आजच्या किनारा स्वच्छता व गडस्वच्छता मोहिमांच्याही मुळाशी आहे.

निसर्गाच्या शास्त्रीय अभ्यासाला वाहिलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई व पुणे येथे गिर्यारोहण संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ पासून, तर पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ पासून कार्यरत आहे. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या दुर्गविषयक लेखनाने मराठी तरुणांच्या अनेक पिढ्यांना गडकोटांकडे वळवले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या अरण्यविषयक लेखनाने रानातील पशुपक्ष्यांसाठी मराठी शब्दांचे मोठे भांडार खुले केले.

शासकीय पातळीवर १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या श्रमदान शिबिरांना निश्चित चौकट मिळाली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणात पर्यावरण हा विषय अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. २००१ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय हरित सेना योजनेखाली शाळाशाळांतून हरित सेनेची पथके स्थापन झाली.

पश्चिम घाट बचाव पदयात्रा

सामूहिक चालणे आणि पर्यावरण जागृती यांचा महाराष्ट्राशी निगडित असलेला महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९८७–८८ ची पश्चिम घाट बचाव पदयात्रा. १ नोव्हेंबर १९८७ रोजी या यात्रेला प्रारंभ झाला. एक तुकडी उत्तरेकडून, तत्कालीन धुळे (आता नंदुरबार) जिल्ह्यातील नवापूर येथून निघाली. दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून निघाली. सुमारे तीन महिने चालत दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८ च्या प्रारंभी गोव्यात फोंडा परिसरात एकत्र आल्या. वाटेत गावोगावी सभा झाल्या. जंगलतोड, खाणी, धरणे आणि विस्थापन यांविषयीची माहिती गोळा झाली. पश्चिम घाट हा अनेक राज्यांत विभागलेला असला तरी तो एकच सलग परिसर आहे, ही जाणीव या पदयात्रेने बळकट केली. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत.

सहलीची आखणी

सुनियोजित निसर्गसहलीची तयारी किमान दोन आठवडे आधी सुरू होते. मार्ग नवा असल्यास दोन-तीन अनुभवी सदस्य आधी जाऊन तो पाहून येतात. पाण्याची ठिकाणे, धोकादायक टप्पे, मोबाइल संपर्क असलेल्या जागा, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि परतीची शेवटची एस.टी. यांची टिपणे ते करतात. वनक्षेत्र असल्यास वन विभागाची, तर खाजगी जमीन असल्यास तिच्या मालकाची परवानगी घेतली जाते.

सहलीतील जबाबदाऱ्या सामान्यतः पुढीलप्रमाणे वाटलेल्या असतात :

* म्होरक्या : वाट जाणणारा आणि वेग ठरवणारा. त्याच्या पुढे कोणीही जाऊ नये, असा संकेत असतो.
* पिछाडी सांभाळणारा : सर्वांत शेवटी चालणारा अनुभवी सदस्य. त्याच्या मागे कोणीही राहत नाही.
* अभ्यासक : झाडे, पक्षी, फुलपाखरे, खडक किंवा इतिहास यांपैकी एखाद्या विषयाची माहिती देणारा.
* नोंदकर्ता : दिनांक, वेळ, हवामान, स्थळ व दिसलेल्या प्रजाती लिहून ठेवणारा.
* प्रथमोपचारक : औषधपेटी बाळगणारा आणि सदस्यांच्या आजारांची आगाऊ माहिती असणारा.

संपूर्ण गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या सदस्याच्या वेगावर ठरवावा, हा पदभ्रमणाचा मूलभूत नियम आहे. तो मोडल्यास गट विस्कळीत होतो, मागचे सदस्य दमतात आणि चुकीच्या वाटेला लागतात. प्रत्येक थांब्यावर शिरगणती करणे हा या नियमाचाच दुसरा भाग होय. निसर्गनिरीक्षणासाठी गट लहान असणे इष्ट असते. गट मोठा झाला की शेवटच्या सदस्याला अभ्यासकाचे बोलणे ऐकू येत नाही आणि आवाजाने पक्षी उडून जातात. त्यामुळे संख्या अधिक असल्यास उपगट करून त्यांना थोड्या अंतराने सोडले जाते.

ऋतुमानानुसार सहली

महाराष्ट्रातील सहलींचे वेळापत्रक मोसमी पावसाशी बांधलेले आहे.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा व पुरुषवाडीच्या परिसरात काजव्यांचा लखलखाट पाहण्यासाठी सहली निघतात. काजव्यांचा प्रकाश हा नर व मादी यांच्यातील संकेत असतो. विजेरीच्या किंवा वाहनांच्या झोताने त्या संकेतात अडथळा येतो. म्हणून अशा वेळी दिवे बंद ठेवणे आवश्यक ठरते.

पावसाळ्यात भीमाशंकर, माळशेज आणि कोकणाच्या घाटवाटांवर शेवाळे, नेचे, बेडूक, खेकडे आणि ऑर्किड पाहता येतात. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील कास पठार फुलते. तेथील जांभ्या खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो, त्यामुळे मोठे वृक्ष वाढत नाहीत आणि अल्पायुषी फुलझाडांना वाव मिळतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलते. २०१६ व २०२४ ही तिच्या बहराची वर्षे होती.

हिवाळा हा पक्षिनिरीक्षणाचा काळ होय. उजनी जलाशयाच्या काठचे भिगवण, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, ठाणे खाडी आणि रायगड जिल्ह्यातील कर्नाळा येथे या दिवसांत निरीक्षकांची वर्दळ असते. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून घोषित केला. यातील पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा, तर शेवटचा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन आहे.

फेब्रुवारीपासून पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. यांच्या फुलांतील मधुरसासाठी अनेक प्रकारचे पक्षी एकाच झाडावर जमतात. त्यामुळे नवशिक्या निरीक्षकाला पक्षिओळख शिकवण्यासाठी हे दिवस सोयीचे असतात.

श्रमदानाचे प्रकार

वृक्षारोपण व संगोपन

रोप लावण्यास एक सकाळ पुरते. ते जगवण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. म्हणून जाणकार मंडळे रोपांच्या संख्येपेक्षा जगलेल्या रोपांच्या संख्येला महत्त्व देतात. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू दिले जातात आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर जून–जुलैमध्ये रोपे लावली जातात. पुढील किमान दोन उन्हाळे पाणी घालणे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करणे, आधाराला काठी देणे आणि गुरांपासून संरक्षण करणे ही कामे करावी लागतात. पुण्यातील टेकड्यांवर नित्य फिरावयास जाणारे अनेक नागरिक उन्हाळ्यात घरून पाण्याच्या बाटल्या नेऊन रोपांना घालतात.

कोणते झाड लावावे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. लवकर वाढतात म्हणून गिरिपुष्प व सुबाभूळ या परदेशी झाडांची लागवड अनेक टेकड्यांवर झाली. त्यांच्यामुळे डोंगर हिरवे दिसू लागले. परंतु स्थानिक पक्षी व कीटकांना उपयुक्त अशी विविधता त्यांतून निर्माण झाली नाही. त्यामुळे वड, उंबर, बेहडा, बहावा, पळस, करंज, जांभूळ, आपटा अशा देशी वृक्षांकडे मंडळांचा कल वाढला आहे.

काही ठिकाणी झाडे न लावणे हेच संवर्धन असते. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. ती गवताळ परिसंस्था असून माळढोक, तणमोर, लांडगा, खोकड यांचे जीवन मोकळ्या गवताळ जागेवर अवलंबून असते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच परिसराच्या रक्षणासाठी आहे. माळरानावर किंवा कोकणातील सड्यांवर खड्डे खणून झाडे लावल्यास सद्‍हेतूनेच त्या परिसंस्थेची हानी होते.

मृद् व जलसंधारण

डोंगरउतारावर समतल चर खणणे हे श्रमदानाचे सर्वज्ञात काम आहे. चर समान उंचीच्या रेषेत खणला जातो. त्यामुळे उतारावरून येणारे पाणी चरात अडते, एका बाजूला वाहून न जाता जागीच मुरते आणि वाहून येणारी माती तेथेच साठते. ही रेषा आखण्यासाठी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट व ओळंबा एवढे साधन पुरेसे होते. चौकटीचे दोन्ही पाय समान उंचीवर असतील तेव्हा ओळंब्याचा दोरा आडव्या पट्टीवरील मध्यखुणेवर येतो. चराची रेषा चुकली तर पाणी सखल टोकाकडे धावते, बांध फुटतो आणि धूप थांबण्याऐवजी वाढते.

पावसाळा संपताना ओढ्याचा प्रवाह मंदावल्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती वा वाळू भरून ‘वनराई बंधारे’ बांधले जातात. २०१६ साली पाणी फाउंडेशनने सुरू केलेल्या वॉटर कप स्पर्धेने जलसंधारणासाठीच्या श्रमदानाला व्यापक प्रसिद्धी दिली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव हे तीन तालुके स्पर्धेत होते. शहरांतील स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी गावांत जाऊन कुदळ-फावडे हाती घेण्याची प्रथा या काळात वाढली.

वणवा नियंत्रण

फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला आग लागून वणवे पसरतात. त्याआधी ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत काढून ‘जाळरेषा’ तयार करतात. आग त्या पट्ट्याशी आल्यावर तिला पुढे जाण्यास इंधन मिळत नाही. लहान वणवा ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवता येतो. मात्र वारा असताना आणि चढाच्या दिशेने आग झपाट्याने पसरते. अशा वेळी अननुभवी स्वयंसेवकांनी आगीच्या वरच्या अंगाला थांबू नये. वणव्याची माहिती वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर देता येते.

स्वच्छता मोहिमा

मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ साली सुरू केलेली स्वच्छता मोहीम जगभर परिचित झाली. २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. खाडीकाठच्या कांदळवनांतही अशा मोहिमा होतात. तेथे भरती-ओहोटीची वेळ पाहूनच काम करावे लागते.

गोळा केलेला कचरा केवळ हलवणे पुरेसे नसते. बाटल्या, वेष्टने, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे, थर्मोकोल असे वर्गीकरण करून मोजदाद केली, तर कचरा कोठून येतो हे समजते आणि स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नेमकी मागणी करता येते. काम सुरू होण्यापूर्वीच गोण्या उचलण्याची व्यवस्था न केल्यास भरलेल्या गोण्या जागीच पडून राहतात व फाटून कचरा पुन्हा पसरतो. सुया व रुग्णालयीन कचरा स्वयंसेवकांनी हाताळू नये.

गडसंवर्धन

२०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात व जिंजी हा एक तमिळनाडूत आहे. गडांवर वाटा मोकळ्या करणे, तटबंदीत रुजलेली रोपे काढणे व पाण्याच्या टाक्यांतील गाळ उपसणे ही कामे स्वयंसेवक करतात. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय काहीही हलवता येत नाही. टाक्यातील गाळात जुन्या वस्तू सापडण्याचा संभव असतो, तसेच बेडूक, मासे व कासवे यांचा तेथे निवास असतो. सिमेंटचे लेपन व रंगरंगोटी यांनी मूळ बांधकामाची हानी होते. त्यामुळे अशी कामे तज्ज्ञांवर सोपवली जातात.

नागरिक विज्ञान

नागरिक विज्ञान म्हणजे सामान्य नागरिकांनी ठरावीक पद्धतीने माहिती गोळा करून शास्त्रीय अभ्यासाला हातभार लावणे. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ई-बर्ड’, झाडांच्या ऋतुचक्रासाठी ‘सीझनवॉच’ आणि सर्व सजीवांच्या छायाचित्रांसाठी ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ व ‘आयनॅचरलिस्ट’ ही माध्यमे भारतात वापरली जातात.

नोंद उपयुक्त ठरण्यासाठी स्थळ, दिनांक, वेळ व निरीक्षणाचा कालावधी या गोष्टी आवश्यक असतात. ‘पुष्कळ चिमण्या दिसल्या’ या वाक्यापेक्षा ‘पंधरा मिनिटांत बारा चिमण्या’ ही नोंद अधिक मोलाची असते. नेहमी दिसणारा पक्षी दिसला नाही, हीदेखील नोंदच आहे. एकाच टेकडीवर वर्षानुवर्षे दरमहा केलेल्या साध्या नोंदींतून प्रजातींची वाढ-घट कळते. दुर्मीळ प्राणी, घरटी व ऑर्किड यांचे नेमके ठिकाण मात्र उघड केले जात नाही, कारण त्यामुळे तस्करांना व अति उत्साही छायाचित्रकारांना वाट सापडते.

उदाहरण : वेळास

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनासाठी ओळखले जाते. येथे पूर्वी किनाऱ्यावरील कासवांची अंडी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम आरंभले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला.

मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, साधारण शंभर अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पहाटे गस्त घालणारे कार्यकर्ते तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात व ती अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. खोली व वाळूचे तापमान यांना महत्त्व आहे. कारण पिल्ले नर होणार की मादी, हे तापमानावर अवलंबून असते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती किनाऱ्यावर सोडली जातात आणि स्वतः चालत समुद्रात जातात. त्या वेळी पर्यटकांनी दोरीच्या मागे थांबणे, पिल्लांना हात न लावणे व झोत न टाकणे बंधनकारक असते.

महोत्सवाच्या काळात पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांत होते. त्यामुळे कासव जगणे आणि गावात उत्पन्न येणे या दोन गोष्टी परस्परांशी जोडल्या गेल्या. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांचा उत्साह हंगामापुरता असतो. काम टिकते ते स्थानिकांच्या सहभागामुळे, हे या उदाहरणातून दिसते.

सुरक्षितता

सह्याद्रीतील अपघात बहुधा निसरड्या वाटेवर घसरणे, ओढ्याच्या पुरात सापडणे, वाट चुकणे व धबधब्याच्या काठावर छायाचित्रे घेणे यांमुळे होतात. डोंगरमाथ्यावर पाऊस पडत असल्यास खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी अल्पावधीत चढते. पाणी गढूळ होऊ लागणे व काटक्या-पाने वाहत येणे ही पुराची पूर्वसूचना समजून काठापासून दूर जावे. वीज चमकत असताना उघडा कडा, एकाकी झाड व बुरूज टाळावेत.

आग्या मोहोळाच्या मधमाश्या हा गडांवरील मोठा धोका आहे. कड्यावर किंवा तटाला पोळी असल्यास धूर, मोठा आवाज व उग्र सुगंधी द्रव्ये टाळावी लागतात. माश्या उठल्यास डोके व चेहरा झाकून त्या जागेपासून शक्य तितके दूर जावे.

सर्पदंशाबाबत आजही अनेक गैरसमज आढळतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप आहेत. दंशाच्या जागी कापणे, तोंडाने विष ओढणे किंवा आवळपट्टी बांधणे घातक असते. रुग्णाला धीर देऊन दंश झालेला अवयव हलू न देता त्वरित रुग्णालयात नेणे हाच योग्य मार्ग होय. प्रतिसर्पविष हाच विषबाधेवरील उपचार आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

परत फिरण्याचा निर्णय हा म्होरक्याच्या कौशल्याचा भाग समजला जातो. शिखर गाठण्याच्या आग्रहाने ठरलेली परतीची वेळ ओलांडल्यास अंधारात उतरण्याची वेळ येते.

नियम व कायदे

अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नियंत्रित आहे. प्राणी, पक्षी, अंडी, घरटी यांना इजा करणे किंवा ती उचलणे हा गुन्हा आहे. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अनेक प्रकारच्या एकवार वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले.

लिखित कायद्यांबरोबर काही संकेतही पाळले जातात. देवराईतून वाळलेली काटकीही उचलायची नाही, ही अनेक गावांची रूढी आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे परिस्थितिकीय महत्त्व दाखवून दिले. अशा ठिकाणी जाणाऱ्या गटाने गावाची रूढी पाळणे हा सौजन्याचा आणि संवर्धनाचाही भाग ठरतो.

टीका व मर्यादा

निसर्गसहलींची लोकप्रियता हीच त्यांच्यापुढील प्रमुख अडचण बनली आहे. सलग सुट्ट्यांत प्रसिद्ध गडांवर व धबधब्यांवर गर्दी होते, वाटा रुंदावतात, उतारावरील माती सुटते आणि कचरा वाढतो. कास पठारावर फुले तुडवली जाऊ लागल्याने दररोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. काजव्यांच्या हंगामात वाहनांच्या रांगा लागणे हेही याच प्रश्नाचे रूप आहे.

दुसरा आक्षेप देखाव्याविषयी आहे. पर्यावरण दिनी एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावणे, छायाचित्र निघाल्यावर मोहीम संपणे आणि बियांचे गोळे कोठेही फेकणे यांतून परिसराला लाभ होत नाही. तिसरा आक्षेप स्थानिकांच्या स्थानाविषयी आहे. डोंगरातील ठाकर, महादेव कोळी, कातकरी, धनगर आदी समाजांना वाटा, पाणी, औषधी वनस्पती व रानभाज्या यांचे सखोल ज्ञान असते. परंतु अनेक सहलींत त्यांना केवळ वाटाड्या किंवा स्वयंपाकी एवढेच स्थान मिळते.

या आक्षेपांची दखल घेऊन काही मंडळांनी आपली पद्धत बदलली आहे. प्रसिद्ध ठिकाणांऐवजी आपल्याच गावाजवळच्या टेकडीवर वारंवार जाणे, गटाची संख्या मर्यादित ठेवणे, स्थानिक जाणकारांना मानधन देऊन मार्गदर्शक म्हणून बोलावणे आणि लावलेल्या रोपांचा वार्षिक हिशेब सदस्यांपुढे ठेवणे हे उपाय त्यांत मोडतात. एकाच परिसरात वर्षानुवर्षे जाणाऱ्या गटाला तेथील बदल सर्वांआधी लक्षात येतात. आटलेला झरा, नाहीसा झालेला पक्षी किंवा टेकडीवर नव्याने सुरू झालेले खोदकाम यांची पहिली नोंद अनेकदा अशाच गटांच्या वहीत होते.